हलव्याचा मुकुट घरून निघतो तेव्हा

हलव्याचे दागिने घालायचे ते लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. बाळाचं बोरन्हाण उरकायचं ते रथसप्तमीच्या आत. वर्षभर हौसेनं केलेल्या या मुकुटाला, बाजूबंदाला, चिंचपेटीला आणि बासरीला मिरवायचे दिवस एवढेच. एखाद्या नव्या सुनेच्या हातात १४ जानेवारीला मोडका मुकुट पडला तर दुसरा करून पाठवू म्हणून भागत नाही. तिची पहिली संक्रांत पुन्हा येणार नसते. म्हणून पार्सलच्या कामाकडे मी शेवटचं, उरलंसुरलं काम म्हणून पाहत नाही. ते दागिना घडवण्याचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर या आपल्या पट्ट्यात ज्या बायका हलव्याचे दागिने, मातीच्या पणत्या, शाडूच्या मूर्ती, रुखवताच्या वस्तू करतात, त्यांचा माल पूर्वी त्यांच्या हातूनच गिऱ्हाइकाकडे जाई. एक तर तो गावातच खपे. जत्रेला न्यायचा झाला तर करणारी स्वतः टेम्पोत त्याच्या शेजारी बसे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं पुण्यात सुरू केलेल्या भीमथडी जत्रेत बचत गटांचा माल असाच जातो, माणसाच्या देखरेखीखाली. पण जत्रेत एकदा नंबर दिला की पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपवर ठाण्याहून, बंगळुरूहून, न्यू जर्सीहून मागणी येते. आता माल एकटा जाणार. त्याला उचलणाऱ्या, ठेवणाऱ्या, दुसऱ्या गाडीत टाकणाऱ्या कुणालाच आत काय आहे ते माहीत नसणार. हे ध्यानात घेतलं की बरेचसे निर्णय आपोआप बदलतात, आणि पहिला बदलतो तो दागिना बांधण्याचा.

हलवा कसा होतो ते करणारीला सांगायला नको. मंद आचेवर तीळ, खसखस किंवा साबुदाणा, त्यावर थोडा थोडा पाक, सतत हात फिरवणं, आणि चार-पाच दिवसांनी येणारा काटा. थंडी चांगली असेल तर काटा टोकदार येतो. हाच काटा या दागिन्याचं रूप असतो आणि प्रवासात सगळ्यात आधी तोच जातो. दाणा दाण्यावर घासला की काट्याची टोकं झडतात. पार्सल उघडल्यावर तळाशी पांढरी पिठी दिसली तर समजावं की काही आपटलं नाही, पण वाटभर घासत आलं.

दुसरी भानगड ओलाव्याची. साखर हवेतला ओलावा ओढते. आपला भाग पर्जन्यछायेतला, वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, जानेवारीत हवा खडखडीत कोरडी. घरी आठ दिवस उघडा ठेवलेला हलवाही कडकच राहतो, त्यामुळे आपल्याला हा धोका दिसतच नाही. तोच दागिना मुंबई, रत्नागिरी, पणजीला गेला की तिथल्या दमट हवेत चिकट होतो. दाणे एकमेकांना धरतात, खालच्या कागदाचा रंग साखरेत उतरतो. म्हणून आपल्या घरच्या अनुभवावर विसंबू नका. माल जिथं जाणार तिथल्या हवेचा विचार करा.

तर बांधणीपासून सुरुवात करू. जो दागिना प्रवासाला जाणार आहे तो शक्यतो दोऱ्यानं बांधावा. पांढरा डिंक पाण्यात कालवलेला असतो. तो लावलेल्या जागी दाण्याची साखर थोडी विरघळते, वरून वाळल्यासारखा वाटला तरी आत ओल राहते. डिंक वापरलाच तर निदान दोन दिवस उघड्यावर वाळू द्या, मगच पिशवीत घाला. नाहीतर ती ओल पिशवीत कोंडली जाईल आणि सगळा संच बिघडवेल. ग्लू गनचा गोंद लवकर धरतो खरा, पण गुळगुळीत जिलेटिनच्या कागदावरून तो झटका बसला की अख्खा सुटून येतो. तेव्हा आधाराला खरखरीत पुठ्ठा किंवा कापड घ्यावं.

मुकुटाचा पुठ्ठा गोल वळवून, टोकं जोडून पाठवू नये. तो सपाट ठेवावा, मागे दोन बाजूंना साटिनची फीत लावावी. घालताना बांधून घेतील. कंबरपट्टा दोन-तीन तुकड्यांत करावा आणि तुकडे फितीनं जोडावेत. लोंबते झुबके वेगळे द्यावेत, अडकवायला बारीक आकडा लावून. यात कलाकुसर कमी होत नाही. ठुशी असो वा पोहेहार, सपाट झोपू शकणारा दागिना रस्ता सोसतो आणि उभा राहणारा दागिना मोडतो, एवढं साधं गणित आहे.

प्रत्येक संचाबरोबर सुट्या हलव्याची एक पुडी आणि तशाच रंगाचा हातभर दोरा जरूर घाला. चार दाणे निखळले तर तिथली कुणीही मावशी, आत्या ते पाच मिनिटांत ओवून देईल. या पुडीमुळे वाचलेले सण मी पाहिले आहेत.

आता ठेवण्याची रीत. दागिना खोक्यात नुसता ठेवायचा नाही, तो पुठ्ठ्यावर टाचायचा. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर आधी बटर पेपर पसरा, त्यावर दागिने मांडा, आणि प्रत्येकाला तीन-चार ठिकाणी पुठ्ठ्यातून दोरा काढून मागे सैलसर गाठ मारा. दोरा आधाराच्या कडेवरून जावा, हलव्यावरून नाही. दोन दागिन्यांत बोटभर अंतर ठेवा. वरून पुन्हा बटर पेपर आणि पातळ फोम शीट. मोबाइल, टीव्ही, मिक्सरच्या खोक्यांतून निघतो तो पांढरा मऊ पत्रा. जतन केलेला असेल तर तोच चालतो, विकत घ्यायला नको. कापूस मात्र कधीही वापरू नका. त्याचे तंतू काट्यांत अडकतात आणि ओढून काढताना काटे घेऊन येतात. बबल रॅपही थेट हलव्यावर नको, आणि वर्तमानपत्र तर नकोच, शाई साखरेला लागते.

हा पुठ्ठा मिठाईच्या किंवा साडीच्या पक्क्या, उथळ खोक्यात घट्ट बसला पाहिजे. खोकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि तोंड टेपनं बंद करा. पुड्यांवर ‘खाऊ नये’ असं ठळक लिहा. हे पार्सल लहान मुलं असलेल्या घरात उघडलं जाणार आहे आणि आतला हलवा खायचाच पदार्थ आहे, गोंधळ सहज होऊ शकतो. पिशवीमुळे मुंग्यांचाही प्रश्न सुटतो. गोदामात एक रात्र मुक्काम पडला तरी साखरेचा वास मुंग्यांना लागतो आणि खोक्याची दुमडलेली कड हा त्यांचा राजरस्ता असतो.

इथपर्यंत झालं ते आतलं खोकं. ते तसंच पत्ता चिकटवून पाठवणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेक नुकसान तिथंच होतं. आतल्या खोक्याला बाहेरचं खोकं हवं, आणि दोहोंमध्ये सहाही बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर भरण हवी. झटका बाहेरच्या खोक्याला बसतो, भरणीत मुरतो आणि आत पोचेपर्यंत मऊ होतो. भरणच नसेल तर पुठ्ठ्याचे दोन थर मिळूनही एकाच थराचं काम करतात.

बाहेरच्या खोक्यासाठी आपल्या भागात एक सोय आयती आहे. द्राक्षं आणि डाळिंबं बाहेर पाठवणारे बागायतदार इथं आहेत, त्यामुळे पुठ्ठ्याची खोकी आणि ती विकणारे दोन्ही सापडतात. पण फळांच्या खोक्याला हवा खेळण्यासाठी भोकं असतात आणि ती थप्पीत सरळ राहण्यासाठी केलेली असतात, फेकाफेकीसाठी नाही. शिवाय शीतगृहात राहिलेलं खोकं ओल पिऊन मऊ झालेलं असतं. ते भरणीसाठी फाडून वापरा, बाहेरचं खोकं म्हणून नको. खोकी विकणाऱ्या दुकानदाराकडे नवं, बिनभोकाचं फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच थरांचं खोकं मागा. हलक्या हलव्याला थ्री प्लायही चालेल, मातीच्या वस्तूंना मात्र फाइव्ह प्लायच. द्राक्षांच्या पेटीत घालतात ते बुडबुड्यांचे पातळ पत्रे मात्र फार उपयोगी. दोन थरांत एक पत्रा टाकला की काम होतं.

भरणीला काय घालावं? कुंभार मडकी गाडीत लावायचे तेव्हा गव्हाचं काड, वाळलं गवत घालायचे, आणि ते उत्तम काम करायचं. आजही पुण्या-मुंबईपर्यंत मातीच्या वस्तूंना कोरडं काड चालेल. पण हलव्याला नको, कारण काडात ओल आणि किडे येतात. परदेशी पार्सलात तर मुळीच नको. ऑस्ट्रेलियासारखे देश गवत-काडाची भरण असलेलं पार्सल अडवतात, कारण त्यातून पिकांचे रोग आणि किडे शिरण्याची त्यांना धास्ती असते. उसाचं पाचट तर घरच्या घरी ढीगभर मिळतं, पण त्याच्या पात्यांना धार असते आणि कूस लागते. उघडणाऱ्याच्या हाताला खाज सुटेल. सगळ्यात भरवशाचा म्हणजे चुरगळलेला खाकी कागद, मुठीएवढे घट्ट गोळे करून. सैल गोळे प्रवासात बसतात, मग वर पोकळी तयार होते आणि आतलं खोकं खेळू लागतं.

खोकं बंद करण्याआधी झाकण दाबून धरा आणि कानाशी हलवा. आवाज आला, किंवा हाताला आत काही सरकल्यासारखं वाटलं, तर पुन्हा भरा. झाकण अगदी किंचित फुगलेलं राहील एवढी भरण योग्य. मग टेप. मधल्या फटीवर एक लांब पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर आडव्या पट्ट्या, वर आणि खालीही. सुतळी बांधू नका. ती उचलायला सोयीची वाटते, पण कोपरे कापते.

पहिला माल पाठवण्याआधी एक परीक्षा घरी घ्या. पार्सलच्या चाचण्या ठरवणारी इस्टा नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या साध्या चाचणीत सुमारे साडेनऊ किलोपर्यंतचं खोकं ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सपाट बाजूंवर. जेवणाच्या टेबलाची उंची जवळपास तेवढीच असते. आत आपला बिघडलेला, न विकण्याजोगा दागिना ठेवा, तसंच सगळं बांधा आणि टेबलावरून दहा वेळा पाडा. उघडून काय मोडलं ते पाहा. एका संध्याकाळच्या या प्रयोगानं जे कळेल ते कुणाच्या सांगण्यानं कळणार नाही.

मातीच्या पणत्यांचं थोडक्यात सांगते. पणत्या, ताटल्या आडव्या रचू नयेत. वरच्यांचा सगळा भार खालच्यांच्या मधोमध येतो आणि त्या तडकतात. पुस्तकं कपाटात लावतो तशा उभ्या, कडेवर, प्रत्येकीमध्ये कागद घालून बसवाव्यात. पोकळ भांड्याच्या आत कागद भरावा. झाकण वेगळं गुंडाळावं. कप, किटलीच्या कानाची पोकळी आधी कागदानं बुजवावी आणि मग सगळ्यावर गुंडाळावं. रंगवलेल्या पणतीचा रंग हाताला कोरडा लागला तरी बबल रॅप त्याला चिकटतो, म्हणून मध्ये बटर पेपर हवाच. आणि दिवाळीच्या भेटसंचात काडेपेटी घालण्याचा मोह टाळा. ज्वालाग्राही वस्तू टपालातून पाठवायला मनाई आहे, एका काडेपेटीपायी सगळं पार्सल अडकतं.

शाडूची मूर्ती हे सगळ्यात अवघड काम. ती भाजलेली नसते, नुसती वाळलेली असते. सोंडेचं टोक, कान, वरचा हात आणि मुकुटाचं शिखर ही मोडण्याची ठिकाणं. पाठवायच्या मूर्तीचा साचाच वेगळा निवडा: हात अंगाजवळ, सोंड पोटाला टेकलेली, परशू-पाश सुटे, उंदीर पाटाला चिकटलेला, मागची प्रभावळ काढता येणारी. मूर्ती पूर्ण वाळली आहे याची खात्री करा. जाड भाग आतून ओला राहतो आणि बंद खोक्यात त्याला घाम सुटतो. पाटाखाली मूर्तीपेक्षा थोडा मोठा प्लायवुडचा तुकडा घ्या, त्याला भोकं पाडून मऊ सुती पट्ट्यांनी पाट त्यावर बांधा. फक्त पाट, मूर्ती नाही. मग मान, काख, सोंडेखालची पोकळी अशा सगळ्या खोलगट जागा मऊ कागदाच्या घड्यांनी भरून मूर्ती एक सलग आकार झाली की मगच वरून गुंडाळा. थेट गुंडाळलं तर सगळा ताण नेमका पुढे आलेल्या अवयवांवर पडतो. सहा-आठ इंचांपर्यंतची मूर्ती अशी जाऊ शकते. फुटाहून मोठी मूर्ती पार्सलनं पाठवू नये असंच मी सांगेन. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या मांडीवरून जाऊ द्या.

वेळेचा हिशेब इथं लागतो. पेणच्या कारखान्यांतून परदेशच्या मूर्ती गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी निघतात, ते उगाच नाही. आपल्याकडे आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. त्या दिवसांत रस्ते वारकऱ्यांचे असतात आणि तसंच असायला हवं. पार्सलं त्याच्या आधी तरी काढा किंवा नंतर तरी. संक्रांतीच्या सुमारास ऊसतोड भरात असते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांमागे गाड्या तास-तास रखडतात. हलव्याची देशातली मागणी डिसेंबरअखेर थांबवावी आणि जानेवारीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत माल हातावेगळा करावा. त्यानंतर कितीही गळ घातली तरी नाही म्हणावं. उशिरा पोचलेला दागिना मोडक्या दागिन्याइतकाच निरुपयोगी.

पत्त्याबद्दल एक गोष्ट नेहमी चुकते. जिल्हा पुणे, म्हणून लोक अंदाजानं ४११ चा पिनकोड टाकतात. बारामतीचा पिन ४१३१०२, इंदापूरचा ४१३१०६. सोलापूरचा पिनही ४१३ नंच सुरू होतो, कारण पहिले तीन आकडे टपालाच्या छाननीच्या सोयीनं पाडलेले आहेत, जिल्ह्याच्या हद्दीनं नाही. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे कवीही होते. परतीचा पत्ता अचूक पिनसह लिहा, आणि दोन्ही पत्ते, फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आतही ठेवा. बाहेरचा कागद फाटला तर तीच चिठ्ठी उपयोगी पडते. ‘नाजूक वस्तू’ ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत, पेल्याच्या चित्रासह, किमान दोन बाजूंना लावा. ती लावावीच, पण तिच्या भरवशावर भरण कमी करू नये.

खर्चाचा हिशेब आधी करा, नाहीतर नफा खोक्यात जातो. बऱ्याच कुरिअर कंपन्या आकारमानावरूनही वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. ४० × ३० × २५ च्या खोक्याचं वजन असं सहा किलो होतं, आत पाव किलोचा मुकुट असला तरी. तोच संच सपाट बांधून ३० × २५ × १५ मध्ये बसवला तर सव्वादोन किलो. मघाशी सपाट दागिन्याचा आग्रह धरला तो यासाठीही होता. टपालात पार्सलचा विमा उतरवता येतो, त्यासाठी काउंटरवर किंमत जाहीर करावी लागते. कुरिअरनं पाठवणार असाल तर पावतीमागच्या अटी वाचा. मातीच्या, काचेच्या वस्तूंची मोडतोड अनेकदा भरपाईतून वगळलेली असते.

परदेशी पार्सलाला सीमाशुल्काचा अर्ज लागतो. त्यात नुसतं ‘भेटवस्तू’ लिहून भागत नाही. साखर, तीळ, पुठ्ठा, दोरा असं नेमकं लिहावं. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाची गणना मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांत होते, तेव्हा हलवा तिळाचा असेल तर तसं इंग्रजीत खोक्यावर आणि आत स्पष्ट लिहा. साबुदाण्याचा हलवा केला असेल तर तेही लिहा. विक्रीचा माल असेल तर टपाल खात्याच्या डाक घर निर्यात केंद्रात कागदपत्रांसाठी मदत मिळते. नियम बदलत राहतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या शुल्काच्या बदलांमुळे तिकडे जाणारी आपली टपाल पार्सलं काही आठवडे थांबली होती. म्हणून पैसे घेण्याआधी पोस्टात जाऊन विचारून यावं.

शेवटची चिठ्ठी पार्सल उघडणारीसाठी. थंड प्रदेशात बर्फाळ गाडीतून आलेलं खोकं ऊबदार घरात लगेच उघडलं तर साखरेवर दव धरतं. चार-पाच तास बंदच राहू द्या, असं तिला लिहा. दोरे कात्रीनं मागच्या बाजूनं कापा, ओढू नका, हेही लिहा. आणि उघडल्याबरोबर, काही हलवण्याआधी, एक फोटो पाठवायला सांगा. कुठला दाणा निखळला, कुठला कोपरा दबला, पिठी कुठं साठली, हे त्या फोटोत दिसतं. ते पाहून पुढच्या मुकुटाची बांधणी ठरवा.